कांहीं अनावर शब्द

वर्तमानपत्राच्या एकाच पानावर मला एकदां चार बातम्या शेजारीं शेजारीं दिसल्या. पहिलींत जत्रेंतला एक बैल बेफाम होऊन गर्दींत शिरला होता. दुसरींत एका गांवच्या जमावानें बेफाम होऊन दुकानें फोडलीं होतीं. तिसरींत पावसानें बेफाम होऊन पूल वाहून नेला होता. आणि चौथींत एका गृहस्थानें रागाच्या भरांत बेफाम होऊन आपल्या बायकोच्या डोक्यांत वरवंटा घातला होता. बैल, जमाव, पाऊस आणि नवरा, चौघेहि एकाच शब्दाच्या दाव्यानें एकाच खुंट्याला बांधलेले! उपसंपादकाला मी दोष देत नाहीं. रात्रीं दोन वाजतां शब्द निवडीत बसावयास त्याला सवड कोठली? परंतु तें पान पुष्कळ दिवस माझ्या मेजावर पडून राहिलें. बैलाला बेफाम म्हटल्यानें बैलाचें कांहीं बिघडत नाहीं. पावसाला म्हटलें तर तो अलंकार होतो. जमावाला म्हणतांना जरा थबकावें लागतें. पण त्या चौथ्या गृहस्थाला बेफाम म्हणून आपण नेमकें काय केलें? त्याच्यावर आरोप ठेवला, कीं त्याची सुटका केली?

माणूस स्वतःच्या ताब्याबाहेर जातो तेव्हां त्याचें काय होतें, आणि तेव्हां त्यानें केलेल्या कृत्याचा धनी कोण, याविषयीं प्रत्येक भाषेनें आपलें मत बनविलेलें असतें. तें ती कोठें मांडून दाखवीत नाहीं, शब्दांत पुरून ठेवते. मराठी या बाबतींत गरीब नाहीं. उलट तिच्यापाशीं हें धन इतकें आहे, कीं तें जपून वापरण्याची तिच्या लेकरांना गरज वाटेनाशी झाली आहे.

प्रथम 'बे' लावून झालेले शब्द पाहूं. फारशींतला हा अभावदर्शक उपसर्ग मराठीनें इतका आपलासा केला, कीं भान आणि ताल या संस्कृत शब्दांनाहि तो लावतांना तिला संकोच वाटला नाहीं. या शब्दांचा गुण हा, कीं काय हरवलें तें ते उघड सांगतात. बेफाम म्हणजे ज्याची फाम गेली तो. फाम हा मूळचा अरबी 'फह्म', म्हणजे समज. मराठींत येतांना त्याला आठवण हाहि अर्थ चिकटला. बेभान झालेल्याची समज शाबूत असूं शकते, जाणीव तेवढी सुटलेली असते. आपण कोठें बसलों आहों, किती वाजले, खांद्यावरची शाल कोठें घसरली, हें त्याला कळत नाहीं. म्हणून गाण्याच्या मैफलींत श्रोता बेभान होतो आणि त्याबद्दल त्याचें कौतुकच होतें. बेफाम झालेल्या श्रोत्याला मात्र दोघांनीं धरून बाहेर न्यावें लागेल. बेताल माणसाला समजहि असते आणि भानहि असतें, बिघडतें तें प्रमाण; तो समेवर येत नाहीं एवढेंच. त्यामुळें हा शब्द बोलण्याला लागतो, खर्चाला लागतो. खुनाला लागत नाहीं. बेलगाम या शब्दांत मात्र आणखी एक मनुष्य लपलेला आहे. घोडा बेलगाम असेल तर लगाम कोणाच्या तरी हातीं असावयास पाहिजे होता. म्हणून बेलगाम म्हणतांच अर्धा दोष आपोआप स्वाराकडे जातो. आणि बेबंद म्हणजे ज्याचा बंदोबस्त गेला तो. हा एका माणसाचा अवगुण नव्हेच, राज्याचा आहे. वि. ह. औंधकरांनीं संभाजी महाराजांच्या कारकीर्दीवरील आपल्या नाटकाला 'बेबंदशाही' हें नांव दिलें. तो निवाडा न्याय्य होता कीं नाहीं हा प्रश्न वेगळा. पण शब्दाचा रोख व्यक्तीपेक्षां व्यवस्थेवर आहे, हें नाटककाराच्या कानानें अचूक टिपलें होतें.

एक 'बेछूट' तेवढा या पंक्तींत बसत नाहीं. तेथें कांहीं हरवलेलेंच नाहीं. छूट आहेच, किंबहुना जरुरीपेक्षां अधिक आहे. भावंडांच्या डोक्यावर टोपी पाहून त्यानेंहि ती घालून घेतली असावी, असें वाटतें.

भाषाशुद्धीच्या वादाच्या दिवसांत या 'बे'कडे पुष्कळांची वक्रदृष्टि होती. फारशी-मराठी कोश (१९२५) रचणारे माधवराव पटवर्धन, म्हणजे कवि माधव जूलियन, पुढें 'भाषाशुद्धि-विवेक' (१९३८) लिहिते झाले, एवढा त्या काळाचा ओढा जबरदस्त होता. शुद्धीच्या तत्त्वाशीं माझें भांडण नाहीं. पण बेफामच्या जागीं कोणीं 'विवेकशून्य' घालून पाहावें. विवेकशून्य माणूस सभेंत उठून ठराव मांडूं शकतो, त्यावर उपसूचनाहि ऐकून घेऊं शकतो. बेफाम माणसाला तेवढी उसंत नसते. शब्दाबरोबर त्याची चालहि जाते, ही गोष्ट पर्यायांची यादी करतांना लक्षांत राहत नाहीं.

दुसरें घराणें मदाचें. 'मद्' या संस्कृत धातूची संतति मराठींत इतक्या निरनिराळ्या वाड्यांत नांदते, कीं रस्त्यांत भेटल्यास ती एकमेकांना ओळख देणार नाहीं. उन्माद हा या घराण्यांतला शिकलेला मुलगा. चरकसंहितेंत त्याचे पांच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकीं चार शरीरांतल्या दोषांचे, आणि पांचवा आगंतुक, म्हणजे बाहेरून आलेला. भरताच्या नाट्यशास्त्रांत तोच तेहतीस व्यभिचारी भावांपैकीं एक होऊन बसला आहे. वैद्य आणि नट अशा दोघांच्याहि दप्तरीं नोंद असलेले शब्द फार नाहींत. त्याच धातूच्या 'माद्यति' या रूपापासून प्राकृताची वाट उतरून आलेला 'माजणें' हा मात्र गांवींच राहिलेला भाऊ. त्याला शास्त्रांत कोणी विचारीत नाहीं, पण गोठ्यांत, चावडीवर आणि भाऊबंदकीच्या भांडणांत त्याच्यावांचून चालत नाहीं. तिसरा 'मस्त' हा इराणांत वाढलेला चुलतभाऊ. संस्कृत मत्त आणि फारशी मस्त हे एकाच मुळाचे. हत्तीच्या मदावस्थेला हिंदुस्थानांत मस्त म्हणत, तो शब्द इंग्रजांनीं उचलून आपल्या प्राणिशास्त्रांत नेला. आमच्याकडे तो उलट दिशेनें गेला. आज चहा मस्त होतो, झोप मस्त लागते, आणि आजी नातवाला मस्ती करूं नकोस म्हणून लटकी रागावते. माहूत ज्याच्या भयानें झाडावर चढत, तो शब्द येथें इतका माणसाळला आहे.

माज मात्र माणसाळला नाहीं, आणि त्याचें कारण पाहण्यासारखें आहे. हा शब्द कोण कोणाविषयीं उच्चारतो याकडे वाचकांनीं एकदां लक्ष द्यावें. पैशाचा माज, सत्तेचा माज असें आपण म्हणतों खरें. पण तें बहुधा पाठीमागें. तोंडावर आणि ठासून 'माजलास काय?' असें विचारलें जातें तें गड्याला, कुळाला, मोलकरणीला, हाताखालच्या कारकुनाला, आणि विचारणारा वरच्या पायरीवर उभा असतो. ज्यानें दोन दिवसांची मजुरी आधीं मागितली, ज्यानें उंबऱ्याबाहेर थांबावयाचें नाकारलें, तो माजला. त्याचा आवाज चढलेला असावाच लागतो असें नाहीं. पुष्कळदां तो अगदीं हळू बोललेला असतो. म्हणजे जो शब्द सुटलेल्या जनावराचा म्हणून आपण मोठ्या निरागसपणें वापरतों, तो प्रत्यक्षांत पायरी सोडलेल्या माणसाचा आहे. या जातीच्या शब्दांत माझ्या मतें हाच सर्वांत लबाड.

जनावरांवरून घेतलेले बाकीचे शब्द त्या मानानें प्रामाणिक आहेत. शेतकऱ्याच्या आणि घोडेवाल्याच्या डोळ्यांनीं ते पारखून घेतलेले आहेत. घोडा बुजतो तो भयानें, आणि तें भय समोरच्या एखाद्या चिंधीचेंहि असूं शकतें; बिथरतो तेव्हां त्याचा आपल्या धन्यावरचा विश्वास गेलेला असतो; उधळतो तेव्हां कारण मागें पडून नुसती धांव उरलेली असते. उधळणें म्हणजे मुळांत धूळ उडविणें. गुलाल उधळला काय, बापाचा पैसा उधळला काय, आणि बैल उधळला काय, हवेंत कांहीं तरी उडून डोळ्यांत जातें हें तिहींकडे सारखेंच. वाघ चवताळतो, समुद्र खवळतो, कुत्रें पिसाळतें. यांत अदलाबदल करून पाहिली तर लगेच दांतांखालीं खडा येतो. आणि कानांत वारें भरलेलें वासरूं! शेपूट उभारून तें अंगणभर धांवतें, आईच्या अंगावर जातें, परत फिरतें. त्याला कोणी मारीत नाहीं. आपल्या ताब्याबाहेर गेलेल्या जिवाकडे इतक्या मायेनें पाहणारा दुसरा शब्दप्रयोग मला माहीत नाहीं. मुलांविषयीं तो वापरतात तेव्हां आईच्या आवाजांत तक्रारीपेक्षां अभिमान अधिक असतो. मुलगी मोठी झाली कीं मात्र हें वारें एकदम बंद होतें, आणि तिच्या वांट्याला 'उंडारणें' येतें.

पिसाळणें, पिसाट आणि पिसें यांचा संबंध पिशाचाशीं पोंचतो. येथून आपण गोठ्यांतून देव्हाऱ्याकडे येतों, आणि मराठीचें व्याकरण न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसलेलें दिसतें. वेड लागतें, पिसें लागतें, अंगांत येतें, तोल जातो, भान सुटतें, राग अनावर होतो. या वाक्यांत कर्ता कोण आहे तें पाहावें. वेड, पिसें, तोल, भान, राग हे सगळे कर्ते. माणूस बिचारा चतुर्थींत किंवा षष्ठींत अंग चोरून उभा. 'त्याला वेड लागलें' या वाक्यांत त्यानें कांहींहि केलेलें नाहीं, पाऊस लागावा तसें वेड त्याला लागलें आहे. आतां दुसरी रांग पाहावी. तो धिंगाणा घालतो, धुमाकूळ घालतो, उच्छाद मांडतो, आकांडतांडव करितो, डोक्यांत राख घालून घेतो. येथें तो प्रथमेंत, छाती काढून! अकांड म्हणजे अवेळीं, प्रसंगावांचून. आकांडतांडव करणारा नाचतो तें प्रसंग नसतांना, आणि म्हणून नाचाचा जबाबदार तोच. 'मांडणें' तर खास दुकानदाराचें क्रियापद. उच्छाद मांडणारा सकाळीं फळ्या काढून, माल लावून बसलेला डोळ्यांपुढें येतो. डोक्यांत राख घालून घेणारालाहि ती राख कोणी दुसरा आणून देत नाहीं, स्वतःच्या चुलींतून काढावी लागते. म्हणजे भाषेला हा भेद पक्का ठाऊक होता. कोणावर ओढवतें आणि कोण ओढवून आणतो, हें तिनें विभक्तीनें वेगळें करून ठेवलें होतें.

अंगांत येण्याविषयीं एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. लहानपणीं पाहिलेलें एक घर मला आठवतें. तेथील सून वर्षभर खालच्या मानेनें वावरे. तिचा आवाज शेजारच्या घरींहि कधीं गेला नाहीं. नवरात्रांत तिच्या अंगांत येई. मग ती केंस सोडून घुमे, सासऱ्याला अरेतुरे करी, आणि सासू पाटावर नारळ ठेवून तिच्या पायां पडे. हा प्रकार खरा कीं खोटा, असें सुशिक्षित मंडळी विचारीत आणि हंसत. मला तो प्रश्न आतां फार महत्त्वाचा वाटत नाहीं. वर्षांतून एकदां रागावण्यासाठीं ज्या भाषेंत बाईला देवी व्हावें लागतें, आणि जींत तिचा नवरा रोज बिनभांडवलानें बेफाम होऊं शकतो, त्या भाषेंतले हे दोन शब्द एकमेकांशेजारीं ठेवून पाहावे, एवढेंच माझें म्हणणें.

'हैदोस' या शब्दाची कथा निराळी आहे. मोहरमांत ताबुतांपुढें नाचणारे 'हाय दोस्त, दूल्हा' अशी आरोळी देत, तिच्याशीं हैदोस आणि हैदोसधुल्ला या शब्दांचा संबंध जोडला जातो. करबल्याच्या शोकाची ती आरोळी. मराठीनें ती उचलली आणि तिचा अर्थ दंगामस्ती असा केला. असें परक्याच्या कानानें झालें म्हणावें, तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पुण्यासारख्या शहरांत हिंदूहि ताबुतांपुढें नाचत असत. तेव्हां हा कान अर्धा घरचा होता. याच मोहरमानें इंग्रजांनाहि एक शब्द दिला. 'या हसन, या हुसेन' या आक्रोशाचें गोऱ्या सोल्जरांच्या तोंडीं 'हॉब्सन-जॉब्सन' झालें, आणि यूल व बर्नेल यांनीं १८८६ मध्यें अँग्लो-इंडियन शब्दांचा जो प्रसिद्ध कोश काढला त्याला तेंच नांव दिलें. एकाच शोकांतून दोन भाषांना दोन विनोदी शब्द मिळावे, हें चमत्कारिक आहे. दुरून पाहणाराला ऊर बडविणें आणि धिंगाणा यांतला फरक दिसत नाहीं. आणि भाषा पुष्कळदां दुरूनच पाहते.

याच्या उलट 'वेड' हा शब्द मराठीनें जवळून पाहिला, म्हणून त्याला मान मिळाला. संतांनीं पिसें आणि वेड हे दोन्ही शब्द देवापायीं खर्च केले, आणि वारकऱ्याच्या तोंडीं ते निंदेचे राहिले नाहींत. पण मला येथें प्रतापराव गुजरांचें उदाहरण घ्यावयाचें आहे. उमराणीच्या लढाईनंतर, १६७३ मध्यें, त्यांनीं बहलोलखानाला हातीं सांपडला असतां सोडून दिलें. शिवाजी महाराजांचा ठपका आला. आणि १६७४ च्या फेब्रुवारींत नेसरीच्या खिंडींत मोठ्या सैन्याची वाट न पाहतां, मूठभर स्वारांनिशीं ते खानाच्या फौजेवर तुटून पडले व मारले गेले. लढाईच्या शास्त्राप्रमाणें हें कृत्य बेफाम होय. सरनौबतानें असें करूं नये. लोकांनीं मात्र त्याला बेफाम म्हटलें नाहीं, आणि कुसुमाग्रजांनीं त्यावर कविता लिहिली तेव्हां त्यांनींहि जुना वेड हाच शब्द घेतला. कां? बेफाम म्हणावें तर प्रतापरावांची फाम गेलेली नव्हती, उलट ती फारच जागी होती. धन्याच्या पत्रांतला प्रत्येक शब्द त्यांना आठवत होता. विसरले ते फक्त स्वतःचा जीव. बेफामींत जें जातें तेंच येथें उरलेलें होतें. मराठीचा हा विवेक इतका सूक्ष्म आहे, कीं दंगलीच्या बातमींत तो शब्द भरडून निघालेला पाहिला कीं वाईट वाटतें.

बाहेरच्या भाषांनींहि या कोड्याशीं झटापट केली आहे. मलायी भाषेंतला 'अमोक' पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत ऐकला आणि मलबारच्या किनाऱ्यावरील, धन्यासाठीं मरावयाची शपथ घेतलेल्या नायर योद्ध्यांनाहि ते त्याच शब्दानें संबोधूं लागले. पुढें इंग्रजांच्या हातीं तो नुसता रस्त्यानें भेटेल त्याला भोंसकीत सुटलेल्या माणसाचा झाला. शपथ गळून गेली, सुरा राहिला. 'बर्सर्क' हा शब्द उत्तरेकडचा. अस्वलाचें कातडें पांघरून लढणारा, किंवा चिलखतावांचून उघड्या अंगानें लढणारा, असे त्याचे दोन अर्थ लावतात. मला त्या शब्दापेक्षां आइसलँडच्या 'ग्रागास' या जुन्या धर्मशास्त्रांतलें त्याविषयींचें कलम अधिक बोधक वाटलें. जो माणूस तसा उन्मत्त होईल त्याला तीन वर्षांची हद्दपारी; आणि त्या वेळीं जे पुरुष जवळ असतील त्यांनीं त्याला आवरलें नाहीं, तर त्यांनाहि तीच शिक्षा! त्या बर्फाळ बेटावरच्या शेतकऱ्यांनीं अनावर या कल्पनेचें मर्म ओळखलें होतें. अनावर म्हणजे न आवरणारा. पण आवरणारे कोठें होते, हा प्रश्न आमच्या शब्दांतच असून आम्हीं तो विचारला नाहीं.

वेड हें पांघरतांहि येतें, हें मराठी माणसाला सांगावें लागत नाहीं. वेड पांघरून पेडगांवला जाणारे त्याच्या ओळखीचे असतात. आगरकरांनीं १८८३ मध्यें शेक्सपियरच्या हॅम्लेटचें भाषांतर केलें तेव्हां त्याला 'विकारविलसित' हें नांव दिलें. विकार म्हणजे मनाचा क्षोभ आणि शरीराची व्याधि असें दोन्ही. ज्या नायकाचें वेड किती खरें आणि किती पांघरलेलें यावर सारें नाटक तोललेलें आहे, त्याला हा दुहेरी शब्द शोभतो. शंका घेण्याची ही संवय नाट्यगृहांत आम्हांला उत्तम आहे. सकाळीं वर्तमानपत्र उघडतांना ती कोठें जाते कोण जाणे.

आतां त्या चौथ्या बातमीकडे. 'रागाच्या भरांत' हे शब्द खुनाच्या बातमींत इतके ठरलेले आहेत, कीं छापखान्यांत त्यांचा जोडखिळाच पाडून ठेवला असावा असें वाटावें. भर हा शब्द गोड आहे: ऐन भर, पुराचा भर, मोहराचा भर. त्यांत ओसरण्याचें आश्वासन आहे. तो लावतांच कृत्य ऋतूचें होतें, माणसाचें राहत नाहीं. कायदासुद्धां येथें भाषेपेक्षां कडक आहे. १८६० च्या दंडसंहितेनें गंभीर व अचानक चिथावणीमुळें आत्मसंयम सुटला असेल तर खुनाचा आरोप सौम्य करण्याची वाट ठेवली, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं आलेल्या भारतीय न्याय संहितेंतहि ती आहे. पण 'अचानक' या शब्दावर तिची सारी भिस्त आहे. आपल्या हातानें दारू पिऊन शुद्ध घालवणाराला तर तिनें ती सबबच दिलेली नाहीं.

मुंबईचा नानावटी खटला जुन्या पिढीला आठवत असेल. २७ एप्रिल १९५९ रोजीं दुपारीं नौदलांतल्या या अधिकाऱ्यानें पत्नीच्या तोंडून तिच्या परपुरुषाशीं असलेल्या संबंधाची कबुली ऐकली. त्यानंतर त्यानें पत्नीला व मुलांना सिनेमाला नेऊन सोडलें. आपल्या जहाजावर जाऊन खोटें कारण सांगून रिव्हॉल्व्हर व काडतुसें घेतलीं. प्रेम आहुजा याच्या कचेरींत चौकशी केली, तेथें तो नाहीं असें कळल्यावर त्याच्या घरीं गेला. आणि गोळ्या झाडल्या. ज्यूरीनें आठ विरुद्ध एक मतानें त्याला निर्दोष ठरविलें. शहराचें मतहि तेंच होतें. लोक हळहळत होते तें अपमान झालेल्या नवऱ्यासाठीं. आणि त्या हळहळीनें मधल्या तीन तासांकडे पाहावयाचें नाकारलें. सर्वोच्च न्यायालयानें २४ नोव्हेंबर १९६१ च्या निकालांत नेमके तेच तास मोजले. संयम परत यावयास एवढा वेळ पुरेसा होता, असें म्हणून जन्मठेप कायम केली. सिनेमाचीं तिकिटें, जहाजावरची सबब, कचेरींतली विचारपूस: एवढीं कामें ओळीनें करणाराला मराठींत बेभान म्हणतां येईल काय? या सगळ्या क्रियापदांचा कर्ता तोच आहे.

शब्दाचें भाग्य एकाद्या कलाकृतीनें कसें फिरतें, याचें अलीकडचें ठळक उदाहरण 'सैराट' हें आहे. स्वैर या संस्कृत शब्दाच्या कुळांतला, सैरावैराचा सखा असा हा शब्द नागर मराठींत जवळजवळ अडगळींत पडला होता. २०१६ मध्यें नागराज मंजुळे यांच्या चित्रपटानें तो घरोघर नेला. पुढें तो अपेक्षेप्रमाणें झिजला. वरातीला, साबणाच्या जाहिरातीला, वाटेल त्याला लागूं लागला. पण चित्रपटांत तो कोणाला लावला आहे हें फारसें कोणीं पाहिलें नाहीं. आर्ची आणि परशा सैराट आहेत. वारें प्यालेल्या वासरांसारखे तीं दोघें विहिरींत उड्या घेतात, उसांतून धांवतात, जात आणि पाटीलकी मागें टाकून परप्रांतीं पळतात. त्यांच्याविषयीं गांवानें या लेखांतले बहुतेक सगळे शब्द वापरले असतील. पोरगी माजली, पोरगा चेकाळला, उधळलीं, मोकाट सुटलीं. शेवटीं जे त्यांचा जीव घेतात त्यांना मात्र यांतला एकहि शब्द लागत नाहीं. ते माहेरचा आहेर घेऊन येतात, नीट बसतात. आर्ची त्यांच्यासाठीं चहा करते. कोणाचा आवाज चढत नाहीं, कोणाचा तोल जात नाहीं. उद्यां ही बातमी छापली जाईल तेव्हां तिच्यांत 'रागाच्या भरांत' हे शब्द असतील, एवढें मात्र आपल्याला पडद्यासमोर बसून खात्रीनें सांगतां येतें.

त्या पाहुण्यांसाठीं आपल्याकडे शब्द कोणता, हें मीं पुष्कळ शोधलें. निर्दय, निर्ढावलेला, पाषाणहृदयी हे सगळे स्वभावाचे शब्द. त्यांत काळ नाहीं. शेवटीं तो सांपडला तोहि जनावरांतच: डूख धरणें. साप डूख धरतो, वर्षें गेलीं तरी चेहरा विसरत नाहीं, आणि वेळ येईपर्यंत अगदीं स्वस्थ पडून राहतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. सापाविषयीं ती खोटी आहे. सापाला इतकी आठवण नसते. बेफाम म्हणजे ज्याची फाम गेली तो, असें मीं आरंभीं म्हटलें. डूख धरणाराजवळ फाम सोडून दुसरें कांहीं नसतें. त्या चार बातम्यांचें पान मीं अजून टाकलेलें नाहीं. चौथ्या बातमीच्या शेवटच्या ओळींत, बारीक टाइपांत, पूर्वींहि दोन वेळां त्या बाईनें पोलिसांत तक्रार दिली होती, असें लिहिलेलें आहे.